‘१’ लिहिणारा मुलगा पितो की नाही? विद्यार्थ्यांच्या मद्यपानाची आकडेवारी वाचायला शिकताना

कॉलेज सुरू होऊन महिना झाला की नव्या बॅचमधलं कुणीतरी हमखास एक रंगीत आलेख घेऊन माझ्याकडे येतं. खाली दारूचं प्रमाण १ ते ५, उभ्या अक्षावर परीक्षेचे गुण आणि वर ठळक अक्षरांत मथळा: ‘दारू पिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण घसरतात’. मी विचारते, “यात १ म्हणजे काय?” उत्तर येतं, “न पिणारे, मॅडम.” मग आलेख बाजूला ठेवून आम्ही पहिल्यापासून सुरुवात करतो.

हा लेख अशा पहिल्यांदाच डेटा हाताळणाऱ्यांसाठी आहे. स्प्रेडशीट उघडता येते आणि सरासरी काढता येते, एवढं पुरे. उदाहरण म्हणून मी तोच डेटा घेते आहे, जो जवळपास प्रत्येक नवशिक्याच्या हाती पडतो: पोर्तुगालमधल्या दोन शाळांचा. तो यूसीआय या अमेरिकन विद्यापीठाच्या ऑनलाइन डेटासंग्रहात आणि कॅगल या डेटाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. शेवटी आपल्याकडच्या आकड्यांकडेही येऊ. हा विषय मला जवळचा वाटतो, कारण पोरांच्या पिण्याबद्दलचा चुकीचा आकडा वहीत राहत नाही. तो बातमीत जातो, वसतिगृहाच्या नियमांत जातो आणि गावाकडच्या आईबापांच्या काळजीत जाऊन बसतो.

पहिली पायरी: कागद कुठून आला ते शोधा

फाइल उघडण्याआधी तिच्यासोबतचं माहितीपत्रक आणि मूळ शोधनिबंध वाचा. नवशिके हीच पायरी गाळतात, आणि पुढच्या चुकांपैकी निम्म्या इथूनच निघतात.

हा डेटा मिन्हो विद्यापीठातल्या पाउलो कोर्तेझ आणि आलिस सिल्वा यांनी जमवला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. आलेंतेजु भागातल्या दोन सरकारी माध्यमिक शाळा, २००५-०६ हे शालेय वर्ष. मूळ प्रश्न दारूचा नव्हताच. पोर्तुगालमध्ये गणितात आणि पोर्तुगीज भाषेत बरीच मुलं नापास होत होती आणि कोण नापास होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. एकूण ३३ रकान्यांपैकी दोनच दारूबद्दलचे आहेत. एक कामाच्या दिवसांतल्या पिण्याचा (त्याला आम्ही वर्गात ‘डॅल्क’ म्हणतो) आणि दुसरा शनिवार-रविवारच्या पिण्याचा (‘वॉल्क’).

आता निबंधातला एक तपशील बघा, ज्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ३७ प्रश्नांची, एका ए-फोर कागदावर मावणारी प्रश्नावली वर्गातच भरून घेतली होती. ७८८ मुलांनी ती भरली. त्यातले १११ कागद नंतर बाजूला काढावे लागले, कारण त्यांवर ओळख पटेल इतकी माहितीच नव्हती, आणि ओळखीशिवाय शाळेच्या दप्तरातले गुण त्या कागदाला जोडता येत नव्हते.

यावर जरा थांबा. सोळा वर्षांची एक मुलगी वर्गात बसली आहे. शेजारच्या बाकावर मैत्रीण, समोर मोठी माणसं. ज्या कागदावर तिची ओळख द्यायची आहे, त्याच कागदावर ‘तू दारू किती पितेस’ असाही प्रश्न आहे. ती काय लिहील? जे १११ कागद ओळखीअभावी गेले, ते सगळे विसरभोळ्यांचेच होते की काहींनी मुद्दाम ओळख दिली नाही? डेटा याचं उत्तर देत नाही. पण हा प्रश्न मनात ठेवून जो पुढे जातो, तो ‘इतके टक्के मुलं पितात’ असं लिहीत नाही, ‘इतक्या टक्के मुलांनी सांगितलं’ असं लिहितो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. त्या काळी पोर्तुगालमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासून दारू विकत घेता येत होती. सगळ्याच दारूसाठी अठराची अट २०१५ मध्ये आली. म्हणजे त्या वर्गातल्या बऱ्याच मुलांसाठी ‘हो, पितो’ म्हणणं ही गुन्ह्याची कबुली नव्हती. आपल्याकडे महाराष्ट्रात बियर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. तोच प्रश्न इथल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला विचारला, की उत्तर देताना त्याच्या मनात पोलीस, प्राचार्य आणि वडील असे तिघंही उभे राहतात. म्हणून पोर्तुगालचा आकडा आणि पुण्याचा आकडा शेजारी ठेवून ‘आपली मुलं कमी पितात’ असं म्हणायची घाई करू नका.

दुसरी पायरी: एक ओळ मोठ्याने वाचा

यूसीआयवरून उतरवलेल्या फाइलीत रकाने अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. आपल्याकडचं एक्सेल स्वल्पविराम शोधतं, म्हणून सगळा मजकूर एकाच रकान्यात कोंबलेला दिसतो. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये जाऊन अर्धविराम निवडा, सगळं जागच्या जागी बसेल.

आता सरासरी, आलेख, काहीही करू नका. गणिताच्या फाइलीतली पहिली ओळ घ्या आणि माहितीपत्रक शेजारी ठेवून ती मराठीत वाचा. अठरा वर्षांची मुलगी. शहरात राहते. आईवडील वेगळे राहतात, दोघंही उच्चशिक्षित. वडील शिक्षक, आई घरी, पालक म्हणून आईचं नाव. घरी इंटरनेट नाही. शाळेत यायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. आठवड्याला दोन ते पाच तास अभ्यास. आजवर एकदाही नापास नाही. मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर जाणं पाचपैकी ४. कामाच्या दिवसांत पिणं १, शनिवार-रविवारी १. गैरहजेरी सहा. गुण २० पैकी: पहिल्या सत्रात ५, दुसऱ्यात ६, शेवटी ६.

म्हणजे पिण्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर असलेली ही मुलगी गणितात नापास आहे. पोर्तुगालमध्ये पास व्हायला १० लागतात.

आता फाइलीच्या तळाशी जा आणि शेवटून चौथी ओळ वाचा. सतरा वर्षांचा मुलगा, दुसऱ्या शाळेतला. अभ्यास आठवड्याला दोन तासांहूनही कमी. बाहेर जाणं पाचपैकी ५. कामाच्या दिवसांत पिणं ३, शनिवार-रविवारी ४. गुण १४, १६, १६.

दोन ओळींवरून काहीच सिद्ध होत नाही, हे खरं. मी वर्गात त्या वाचायला लावते त्याचं कारण वेगळं आहे. पुढे ‘सरासरी’ म्हटल्यावर ही दोन मुलं आठवली पाहिजेत. ज्याने दहाएक ओळी अशा वाचल्या, त्याच्या हातून ‘पिणारे नापास होतात’ असं सरसकट वाक्य सहसा लिहिलं जात नाही.

तिसरी पायरी: मोजपट्टी तपासा

माहितीपत्रकात दोन्ही रकान्यांची मोजपट्टी दिली आहे: १ म्हणजे ‘अगदी कमी’, ५ म्हणजे ‘अगदी जास्त’. मधल्या पायऱ्या त्या दोहोंमध्ये. शून्य नाहीच. ‘कधीच नाही’ असा पर्यायही नाही.

याचा अर्थ असा, की ज्या मुलीने जन्मात थेंब घेतला नाही तीही १, आणि नाताळला आजोबांच्या ग्लासातून घोटभर वाइन घेणारीही १. या डेटामधून ‘न पिणारे’ वेगळे काढताच येत नाहीत. त्यामुळे ‘पिणारे विरुद्ध न पिणारे’ असा आलेख या फाइलीतून कुणी काढलेला दिसला, तर तो चुकीचा आहे.

शिवाय ‘जास्त’ म्हणजे किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवलं. ज्याच्या घरी रोज जेवणासोबत वाइन असते, त्याला दोन ग्लास ‘कमी’ वाटतील. ज्याच्या घरात कुणीच पीत नाही, त्याला तेच ‘फार’. या पायऱ्यांमध्ये समान अंतर आहे असंही धरता येत नाही. १ वरून २ वर जाणं आणि ४ वरून ५ वर जाणं सारखंच आहे, असं कुणी सांगितलं? म्हणून या रकान्याची सरासरी काढून ‘मुलं सरासरी १.४८ पितात’ असं लिहिण्याला काही अर्थ नाही. १.४८ काय? ग्लास? दिवस?

तुलनेसाठी बघा. युरोपात १९९५ पासून साधारण दर चार वर्षांनी १५-१६ वर्षांच्या शाळकरी मुलांची ‘एस्पॅड’ नावाची पाहणी होते. तिथे प्रश्न असे असतात: आयुष्यात कधी प्यायलास का, गेल्या १२ महिन्यांत किती वेळा, गेल्या ३० दिवसांत किती वेळा. या तीन प्रश्नांचे आकडे एकमेकांपासून खूप लांब असतात, आणि बातमीत त्यातला नेमका कोणता घेतलाय हे बघायची सवय लावून घ्या. ‘आयुष्यात कधीतरी’चा आकडा नेहमीच सर्वांत मोठा असतो आणि मथळ्यालाही तोच आवडतो. एस्पॅडवाल्यांची आणखी एक युक्ती मला फार आवडते. अमली पदार्थांच्या यादीत त्यांनी ‘रेलेव्हिन’ असं अस्तित्वातच नसलेलं एक नाव घातलं होतं. ते घेतल्याचं जो सांगतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही जपून बघायचं.

चौथी पायरी: नुसतं मोजा

पिव्हट टेबल (स्प्रेडशीटमधली गटवार मोजणीची सोय) लावा आणि प्रत्येक पायरीवर किती मुलं आहेत ते मोजा. सरासरी नको, टक्केही नंतर. गणिताच्या फाइलीत ३९५ मुलं आहेत. कामाच्या दिवसांत १ वर २७६, २ वर ७५, ३ वर २६, ४ वर ९ आणि ५ वरही ९. शनिवार-रविवारी हेच १५१, ८५, ८०, ५१ आणि २८.

नुसत्या मोजणीतूनच बरंच हाती लागलं. सोमवार ते शुक्रवार सर्वांत खालच्या पायरीवर ७० टक्के मुलं आहेत, सुटीच्या दिवशी ३८ टक्के. वरच्या दोन पायऱ्यांवर कामाच्या दिवसांत १८ मुलं, सुटीत ७९. म्हणजे या शाळांमध्ये पिणं ही मुख्यतः आठवडाअखेरीची गोष्ट आहे. एवढं विधान हा डेटा ठामपणे पेलतो. कारण तोच मुलगा, तोच कागद आणि तीच मोजपट्टी. स्वतःची स्वतःशी तुलना असल्यामुळे ‘जास्त’चा अर्थ माणसागणिक बदलण्याची अडचणही इथे बरीच कमी होते.

आता तो आकडा ९ पुन्हा बघा. सर्वांत वरच्या पायरीवर फक्त नऊ मुलं. त्यांच्या गुणांची सरासरी काढली आणि त्यातल्या एकालाच १८ ऐवजी ० मिळाले, तर सरासरी थेट दोन गुणांनी खाली येते. नऊ जणांवर रचलेल्या खांबाची उंची आणि २७६ जणांवर रचलेल्या खांबाची उंची आलेखात शेजारी शेजारी सारख्याच रुबाबात उभ्या राहतात. म्हणून प्रत्येक खांबाखाली मुलांची संख्या लिहाच. मी तर संख्या न लिहिलेला आलेख परत करते.

पाचवी पायरी: दोन फाइली, एकच मूल

गणिताच्या फाइलीत ३९५ ओळी, पोर्तुगीजच्या फाइलीत ६४९. दोन्ही एकाखाली एक चिकटवून ‘१०४४ विद्यार्थ्यांचा अभ्यास’ असं शीर्षक दिलेले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. सुरुवातीच्या एका वर्षी मी स्वतःही वर्गासमोर तसंच करून दाखवलं होतं, आणि एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारलं, “मॅडम, या मुलांना दोन्ही विषय नसतील का?”

असतातच. दोन्ही फाइलींत मिळून ३८२ मुलं सामाईक आहेत, हे माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. हजेरी क्रमांक दिलेला नाही, त्यामुळे शाळा, वय, लिंग, आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय असे रकाने जुळवून ती शोधावी लागतात. चिकटवलेल्या फाइलीत हीच मुलं दोनदा मोजली जातात आणि नमुना खोटाच मोठा दिसतो. नवशिक्यांसाठी सोपा मार्ग: दोन्ही फाइली वेगळ्या ठेवा, वेगळं गणित करा, मग निष्कर्ष शेजारी ठेवून बघा. तसं केलं की एक फार छान गोष्ट दिसते.

सहावी पायरी: गुणांशी नातं

सहसंबंध गुणांक काढा. दोन रकाने एकमेकांबरोबर किती बदलतात हे तो उणे १ ते अधिक १ मध्ये सांगतो: शून्य म्हणजे नातं नाही, उणे म्हणजे एक वाढला की दुसरा घटतो. गणितात, कामाच्या दिवसांतलं पिणं आणि शेवटचे गुण यांचा गुणांक साधारण उणे ०.०५ येतो. शनिवार-रविवारच्या पिण्याचाही तितकाच. हे जवळजवळ शून्यच. पोर्तुगीजमध्ये मात्र कामाच्या दिवसांसाठी उणे ०.२० आणि सुटीसाठी उणे ०.१८ च्या आसपास.

शाळा त्याच, बहुतेक मुलंही तीच, दारूही तीच. मग दारू भाषेला बाधते आणि गणिताला नाही, असं आहे का?

इथे घाई न करता मुलगे आणि मुली वेगळे करा. वरच्या पायऱ्यांवर मुलग्यांचं प्रमाण जास्त आहे. आता विषयवार सरासरी बघा. पोर्तुगीजमध्ये मुली पुढे आहेत, १२.२५, तर मुलगे ११.४१. गणितात उलट: मुलगे १०.९१, मुली ९.९७. म्हणजे भाषेच्या फाइलीत ‘जास्त पिणारे’ हा गट मुळात जास्त मुलग्यांचा असल्यामुळे पिण्याचा विचार न करताही खालीच असणार. गणितात तोच गट त्याच कारणाने थोडा वर ढकलला जातो. दोन गुणांकांमधल्या फरकाचा काही भाग दारूचा नसून मुलगे कोणत्या विषयात कसे आहेत याचा आहे. हे पहिल्यांदा आपल्या हाताने काढून बघताना वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी हा डेटा दरवर्षी पुन्हा शिकवते.

त्याच रीतीने शाळा वेगळ्या करा. पोर्तुगीजच्या फाइलीत एका शाळेची सरासरी १२.५८ आहे आणि दुसरीची १०.६५. मग आधी किती वेळा नापास झालेत ते बघा: गणितात त्याचा गुणांशी गुणांक उणे ०.३६ आहे, दारूपेक्षा कितीतरी जास्त. मित्रांबरोबर बाहेर जाणं आणि सुटीतलं पिणं यांचा अधिक ०.४२. जो बाहेर जातो तो पितो, जो बाहेर जातो त्याला अभ्यासाला वेळ कमी मिळतो. यातलं कुणामुळे काय? आणि आधी नापास झालेला, मित्र पुढे गेलेले, वर्गात एकटा पडलेला मुलगा प्यायला लागला असेल, हीही शक्यता आहेच. सगळी उत्तरं एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावलीत आधी काय आणि नंतर काय, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून ‘मुळे’ हा प्रत्यय या डेटावर लिहिताना जपून ठेवा. ‘पिण्यामुळे गुण कमी’ असं लिहू नका. ‘जास्त पिण्याचं सांगणाऱ्यांचे पोर्तुगीजमधले गुण किंचित कमी आढळले’ एवढंच.

‘किंचित’ हा शब्दही मोजूनच येतो. उणे ०.२० चा वर्ग ०.०४. मुलामुलांच्या गुणांत जो फरक आहे, त्यातला सुमारे चार टक्के भागच या रकान्याशी जुळतो. उरलेला ९६ टक्के दुसरीकडे शोधावा लागेल.

मध्येच एक गोष्ट: शून्याची

गणिताच्या फाइलीत ३८ मुलांचे शेवटचे गुण शून्य आहेत. १, २, ३ असे अगदी कमी गुण मात्र कुणालाच नाहीत. हेच खटकायला हवं. त्या ३८ ओळी फिल्टर लावून वेगळ्या काढा. पहिल्या सत्रात यातल्या एकालाही शून्य नाही. गैरहजेरीचा रकाना बघा, तिथेही सगळीकडे शून्य. वर्षभर एकही दिवस न चुकवणारी ३८ मुलं शेवटच्या परीक्षेत भोपळा घेतात, हे पटतं का? माझी समजूत अशी, की ही मुलं मध्येच विषय किंवा शाळा सोडून गेली आणि दप्तरात रिकाम्या जागी शून्य पडलं.

ही मुलं धरली तर सरासरी १०.४२, वगळली तर ११.५२. एका निर्णयाने संपूर्ण फाइलीची सरासरी एक गुणाहून जास्त हलते. वगळायचं की ठेवायचं, याला एकच बरोबर उत्तर नाही. पण काय केलंत आणि का केलंत, ते अहवालात लिहिलंच पाहिजे. सगळं गणित दोन्ही प्रकारे करून दोन्ही उत्तरं द्या, हे उत्तम.

सातवी पायरी: आता आपल्याकडचे आकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्के आणि स्त्रियांपैकी ०.४ टक्के मद्यपान करतात असं नोंदवलं आहे. गोव्यात ३६.९ आणि ५.५. देशपातळीवर १८.८ आणि १.३. निबंध लिहिणारे विद्यार्थी हे आकडे ‘तरुणांमधलं व्यसन’ या मथळ्याखाली सर्रास वापरतात. पण ‘१५ वर्षांवरील’ यात शेतावर जाणारे पन्नाशीचे काकाही आले आणि ऐंशीचे आजोबाही. आणि ‘मद्यपान करतात’ म्हणजे व्यसनी, असा अर्थ त्यात कुठेही नाही.

दुसरी फसगत तुलनेची. आधीच्या फेरीतला पुरुषांचा २९ टक्के आणि या फेरीतला १९ टक्के असे आकडे शेजारी ठेवून ‘दहा टक्क्यांनी घट’ असं लिहिलं जातं. २९ हा १५ ते ४९ या वयोगटाचा आकडा आहे, १९ हा पंधरा आणि त्यापुढच्या सगळ्यांचा. त्याच १५-४९ गटाचा नव्या फेरीतला आकडा २२ आहे. घट आहे, पण सातची.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक मद्यपान करतात असं आलं. १० ते १७ या वयात १.३ टक्के. इथे पहिली पायरी आठवा. या पाहण्या घरोघरी जाऊन होतात. वसतिगृहात, कॉट बेसिसवर, चार जणांत खोली घेऊन राहणारा विद्यार्थी त्या दिवशी घरी नसतो. आणि घरी असलेला पंधरा वर्षांचा मुलगा आई स्वयंपाकघरात असताना बाहेरून आलेल्या माणसाला काय सांगणार? कॉलेजच्या पोरांबद्दल काही म्हणायचं असेल, तर हे आकडे पार्श्वभूमी म्हणून ठीक. त्याहून जास्त ओझं त्यांच्यावर टाकू नका.

स्वतःची पाहणी करणार असाल तर

बरेच जण प्रकल्पासाठी आपल्याच कॉलेजात फॉर्म फिरवतात. इथे मी हात जोडून दोन-तीन गोष्टी सांगते.

कॉलेजच्या ईमेलने उघडणारा गूगल फॉर्म वापरू नका, किंवा ईमेल गोळा करण्याचा पर्याय तरी बंद करा. एका ठिकाणी हजेरी क्रमांकासकट भरलेले असे फॉर्म वर्गशिक्षकांच्या टेबलावर उघडे पडलेले मी पाहिले आहेत. त्या वर्गात पुढच्या वर्षी कुणी कुठलाच फॉर्म खरा भरला नसेल.

‘किती पितोस’ असं विचारू नका. माप विचारा, तेही इथल्या शब्दांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक माप म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची व्हिस्की किंवा रम घेतली, तर ३० मिलीचा छोटा पेग बरोबर इतका भरतो. मोठा पेग दोन मापं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा मापं. ६५० मिलीची पाच टक्क्यांची बियरची बाटली अडीच मापं, तीच आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार. ‘एकच बाटली घेतो’ आणि ‘एकच पेग घेतो’ या दोन उत्तरांत चौपट अंतर असू शकतं, आणि फॉर्ममध्ये दोन्हीकडे १ च लिहिलेलं असतं.

‘कधीच नाही’ हा पर्याय पहिला ठेवा. काळ नेमका द्या, ‘गेल्या ३० दिवसांत’. गणपतीच्या किंवा परीक्षेच्या महिन्यात पाहणी घेतली असेल, तर ते अहवालात लिहा. ३१ डिसेंबरनंतरच्या आठवड्यात घेतली असेल, तर नक्कीच लिहा. निकाल छापताना ज्या खान्यात पाचपेक्षा कमी मुलं आहेत, तो आकडा जवळच्या खान्यात मिसळा. ‘तृतीय वर्ष, मुली, आठवड्यातून चारदा: १’ असं छापलंत, की ती एक कोण हे कँटीनमध्ये संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं.

आणि फॉर्म निनावी असल्यामुळे ‘रोज’ असं लिहिणारं पोर कोण, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, त्याच्यापर्यंत पोचताही येणार नाही. म्हणून फॉर्मच्या शेवटच्या पानावर, ‘धन्यवाद’च्या वर, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत टाका. नीट लागतात की नाही, ते फॉर्म पाठवायच्या आधी स्वतः फोन करून बघा.